पडद्यामागचा डावा हात

"जगदेवच्या दमणीत खुशाल बस, सूनबाई, पन त्याच्या उपकारात पडू नको," मनकर्णा धनजला नांदायला आली त्याच आठवड्यात सासूनं, कस्तुराबाईंनी, तिला बजावलं होतं. "तो मांगत काही नाही. मांगत नाही त्याचंच तं भेव! मानूस बांधल्या जाते."

मनकर्णा अमरावतीहून बी. ए. होऊन आलेली. तिनं मान डोलावली आणि मनातल्या मनात हसली.

जगदेव त्यांचा गाडीवान, आणि दमणी म्हणजे त्याची माणसं नेणारी हलकी बैलगाडी. अंगानं काटकुळा, बोलण्यात मिश्कील. त्याचा धाकटा भाऊ लढाईवर ब्रह्मदेशाकडं गेलेला. त्याची पत्रं मनकर्णा वाचून दाखवी आणि उत्तरंही तीच लिही. जगदेव एरवी सगळ्यांची टिंगल करायचा, पण पत्र वाचताना पागोटं काढून बसायचा. त्याच्या दमणीच्या तळाखाली आणखी एक फळी होती म्हणे. दुकानात रॉकेल नसलं, साखर नसली, तर ती त्या फळीखाली असायची. गावाला हे ठाऊक होतं आणि गाव याबद्दल बोलत नव्हतं.

चव्वेचाळीसच्या कापसाच्या हंगामात मनकर्णाच्या दहा महिन्यांच्या लेकीला, सोजरला, हिवताप धरला. एक दिवस आड थंडी वाजून ताप. शालिग्राम, म्हणजे मनकर्णाचा नवरा, कापसाच्या गाड्या घेऊन बाहेरगावी. सासूसुना जगदेवच्या दमणीतून पोरीला घेऊन कारंज्याला डॉक्टरकडं गेल्या. डॉक्टरनं पोट चाचपलं, डोस लिहून दिला आणि हात झटकले.

"कोयनेल लागेल. माझ्याकडं एक गोळी नाही. लढाईनं सगळं ओढून नेलं. सरकारी दवाखान्यात असलं तर असलं, तिथंही मोजून येतं. पण आठवड्याच्या आत पोटात गेलं पाहिजे."

जगदेव दारात उभा होता. पायरीवरून उतरून बैलाची शिंगं खाजवत राहिला.

मुक्काम कस्तुराबाईंच्या बहिणीकडं होता. संध्याकाळी कस्तुराबाईंनी फर्मान काढलं, "चाल, टाकीचा, सिनेमाचा तंबू आला आहे. आज पोरीच्या तापाची पाळी नाही. घरी बसून तू तिचं कपाळ चाचपून चाचपून झिजवशील."

तंबूत पुरुषांची जागा पडद्यापुढं, बायांची पडद्यामागं. मधे नुसतं पांढरं कापड. इकडूनही चित्र दिसे, तिकडूनही. सिनेमा एका टोळीचा होता. टोळीचा दादा गोदीतला माल पळवायचा आणि चाळीतल्या विधवांची चूल पेटती ठेवायचा. त्याचा एक जिवाभावाचा साथीदार. दादाला गोळी लागते, साथीदार त्याला लपवतो, आपल्या हातानं भात भरवतो.

"अगं बाई! डाव्या हातानं घास!" पडद्यामागून एकच गिल्ला झाला.

"दगाबाज आहे मेला. लिहून ठेवा!" कस्तुराबाई म्हणाल्या. "डाव्या हातानं जेवू घालनारा उजव्या हातानं गळा कापते."

मग तो साथीदार पडद्यावर आला की बाया त्याला शिव्या घालायच्या. दादाला ओरडून सावध करायच्या, "पलट! मांगं पाहाय!" शेवटी पोलिसांनी वेढा घातला आणि तो दगाबाज दादाच्या पुढं छाती काढून उभा राहिला, मेला. पलीकडं पुरुष नाक शिंकरत होते. अलीकडं बायांनी पदर डोळ्यांना लावले. कुणी तरी म्हणालं, "व माय. आपन त्याले उगाच शिव्या देल्या."

मनकर्णाचं सिनेमात लक्ष नव्हतं. तिचा तळवा पोरीच्या कपाळावर होता. पण बाहेर आल्यावर एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. तंबूपाशी दमणी उभी होती, पुढं कडबा पडला होता, आणि दोन तास नुसते बांधून ठेवलेल्या बैलांच्या छात्या घामानं भिजलेल्या होत्या.

सकाळी धनजच्या वाटेला लागल्यावर कस्तुराबाईंनी विषय काढला. "जगदेव, त्या मान्सानं डाव्या हातानं काहून भरवलं रे?"

जगदेव खो खो हसला. "काकी, तुमी पडद्याच्या मांगून पाह्यलं. पुढून तो उजव्याच हातानं घास देऊन राह्यला होता. मी तीनदा पाह्यला तो सिनेमा."

मनकर्णा ओशाळली. सिनेमातल्या दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरंही उलटी होती की! त्या सबंध घोळक्यात वाचता येणारी ती एकटी, आणि तिच्याच ध्यानात आलं नाही.

पुढं एका बाभळीखाली जगदेवनं बैल थांबवले, दमणीखाली हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली. आत कोयनेलच्या गोळ्या. तिसेक तरी असतील.

"घ्या, ताई."

कुठून आणल्या, हे विचारायला मनकर्णानं तोंड उघडलं. तेवढ्यात सोजर मांडीवर शहारली. पाळी सुरू झाली होती. मनकर्णानं हात पुढं केला.

चौथ्या दिवशी पोरगी हसली. त्याच दिवशी पोलीस ठाण्याचे बाबूसिंग जमादार दारात आले. टाकीच्या संध्याकाळी कारंज्यापासून दोन कोसांवरच्या सरकारी दवाखान्याचं कुलूप तुटलं होतं.

"गावात कोनी खरं बोलत नाही, बाई. तुमी शिकलेल्या. तुमी सांगसाल तेच मी लिहीन. जगदेवची दमणी सारा वेळ तंबूपाशीच होती?"

मनकर्णाच्या कडेवर सोजर जमादाराच्या पट्ट्याचं बक्कल धरायला वाकत होती.

"होती," मनकर्णा म्हणाली.

"होती म्हंजे? बैल आमच्या डोळ्यापुढं कडबा खाऊन राह्यले होते!" कस्तुराबाई आतून ओरडल्या. "मी तं त्याइले पानी पाजलं!"

जमादारांनी वही मिटली. जाता जाता म्हणाले, "असो. किन्हीराजाच्या तांड्यावरची रामीबाई इकडं सोयऱ्याकडं कापूस वेचाले आली होती. तापलेली लेक खांद्यावर टाकून दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात गेली. रिकाम्या हातानं परत गेली, तांड्यावर. तिले काय सांगू मी?"

मनकर्णा तिथंच बसली. कस्तुराबाईंनी पोरीला तिच्या हातातून घेतलं. "मी सांगतलं होतं तुले," एवढंच म्हणाल्या, आणि त्यात राग नव्हता.

डॉक्टरनं लिहून दिलं होतं त्याप्रमाणं सोजरपुरत्या गोळ्या तिनं वेगळ्या काढल्या. उरलेल्यांची पुडी बांधली, डोस किती, कशात कालवायचा, हे चिठ्ठीवर लिहिलं आणि जगदेवला बोलावलं.

"ही पुडी किन्हीराजाला न्यायची. तांड्यावर रामीबाई म्हणून आहे, तिच्या लेकीसाठी. आणि जगदेव, जमादारांना मी खोटं सांगितलंय. आयुष्यात पहिल्यांदा."

"चोराच्या हातीच चोरीचा माल वापस धाडता, ताई?" तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "या बाटलीतली एकही गोळी मी इकली नसती. तुमच्या पोरीसाठीच होती."

"ठाऊक आहे. म्हणून तर सांगते."

तो दमणीवर चढला होता. उजव्या हातात कासरा. त्यानं वाकून डाव्या हातानं पुडी घेतली, कमरेला खोचली आणि बैल हाकले.

त्याला आता सव्वा महिना झाला. जगदेव परतला नाही. जमादारांच्या भयानं लांब राहिला असेल, असं कस्तुराबाई म्हणतात आणि रोज संध्याकाळी त्याच्या वाटणीची भाकर झाकून ठेवतात. त्याच्या भावाचं पत्र आलंय. मनकर्णानं ते फोडलेलं नाही. सोजर भिंतीला धरून उभी राहते. ती हसली की मनकर्णाही हसते. मग तिला तो डावा हात आठवतो. उजवा गुंतला होता म्हणून डावा पुढं आला, हे तिला कळतं. पण तंबूत मधे पडदा होता. इथं नव्हता.

किन्हीराजाच्या वाटेनं मालेगावच्या बाजूला कुणी निघालं की ती त्याला दारात गाठते आणि एकच काम सांगते. तुम्ही जाणार असाल तर तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. किन्हीराजाला उतरा, तांड्यावर रामीबाईचं घर विचारा. जगदेवचं नाव काढू नका. नुसती तिची लेक पाहा. उठून चालते का, खाते का, अंगावर हात ठेवून पाहा. आणि काय दिसलं ते धनजला कळवा.