पद्माबाईंचा ढग

मित्रांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, तुम्ही आकाश आहात आणि तुमच्या पोटात शेकडो ढग शांत झोपले आहेत. जमले ना? मग मी कोण ते तुम्हाला सहज कळेल. मी एक जुना संगणक आहे. आखाडा बाळापूरला प्रियदर्शनी डॉक्टरांच्या दवाखान्यात राहतो. माझे ढग म्हणजे रुग्णांच्या छातीचे फोटो. काळ्या आकाशात पांढरे, धूसर.

तरुणपणी माझे फार कौतुक झाले. बटण दाबले की ढग हजर. पुढे मी थकलो आणि दुरुस्तीसाठी शहरात गेलो. तिथे कुणीतरी माझ्या पोटात डोकावले. मी परतण्याआधीच आमच्या रुग्ण पद्माबाईंना क्षय आहे ही गोष्ट इथल्या बाजारात पोचली होती. तेव्हापासून पद्माबाई यायच्या बंद झाल्या. औषध अर्धवट राहिले, आणि हा आजार अर्धवट औषधाने जास्तच बळावतो.

मग डॉक्टरांचे भाऊ रविंद्र यांनी माझ्यात एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर बसवले. ते सगळे असे विस्कटून ठेवते, की पासवर्डवाचून कुणालाच जुळवता येत नाही. धास्तीपोटी रविंद्रांनी एकावर एक तीन कुलपे लावली, तीही माझ्या सगळ्या अंगाला. गाणी, कोरे कागद, सारे कुलपात. मी जणू झोपेत चालू लागलो. एकेका ढगासाठी तीन दारे उघडताना मला दम लागे.

डॉक्टरांनी घरी जाऊन समजूत घातली तेव्हा पद्माबाई आल्या आणि दाराजवळच्या बाकावर बसल्या. माझ्या पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले.

“बाजारात लई लवकर पोचलं व्हतं माझं दुखणं,” त्या म्हणाल्या. “इथं काहून येळ लागून राहिला?”

पदर सावरून त्या निघून गेल्या.

“दादा, काढून टाक ती कुलपं,” डॉक्टर रविंद्रांना म्हणाल्या.

“अन् परत कुणी पाहिलं तर?”

डॉक्टरांची मुलगी साक्षी तिथेच होती. ती म्हणाली, “मामा, आजी हळदीच्या बेण्यावर पाला झाकते. अख्ख्या वावरावर कुठं झाकते?”

मामा हसले. “माझीच माय, अन् मलाच न्हाई सुचलं.”

त्यांनी सगळी कुलपे काढली. कोणते कुलूप मला झेपते याची चाचणी घेतली. मग एकच मजबूत कुलूप लावले, तेही फक्त रुग्णांच्या कप्प्याला. पासवर्ड मात्र लांबलचक ठेवला, आणि फोटोची नक्कल कप्प्याबाहेर ठेवायची नाही असे सर्वांना बजावले. मला पुन्हा हलकी हलकी स्वप्ने पडू लागली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्याला कुलूप घालताना त्याचा दमही पाहा. पण तो दमतो म्हणून कुणाचा ढग उघडा टाकू नका.

पुढच्या बाजारच्या दिवशी साक्षी स्वतः जाऊन पद्माबाईंना घेऊन आली. त्या पुन्हा बाकावरच बसल्या, निघायच्या तयारीत.

“आता तरी बाहेर न्हाई ना जाणार?” त्यांनी विचारले.

डॉक्टरांनी पासवर्डसाठी बोटे पुढे केली. साक्षी माझ्या अगदी शेजारी होती. तिने माझ्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केले, आणि पद्माबाई बाकावरून उठून डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसल्या तरी तिने वळून पाहिले नाही.