ॲनाचं नाव शॉर्टहँडला

आखातातल्या फुजैरात बंदराजवळच्या एका शिपिंग एजन्सीत अँजेला टेलिफोनवर बसायची. तेल भरायला समुद्रात थांबलेल्या जहाजांच्या कप्तानांना तिचा आवाज ओळखीचा होता, नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. वसईहून ती इकडे आली तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची होती. शाळेत गणितात कायम पहिली. पण दहावी झाल्यावर बापाने तिला टायपिंगच्या क्लासला घातलं, कारण मागे दोन भाऊ शिकायचे होते. टायपिंग झालं, शॉर्टहँड झालं, मग मावसभावाने व्हिसा पाठवला. या गोष्टीबद्दल ती कधी कुणाकडे बोलली नव्हती. लपवायचं होतं असं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

तिचा नवरा विल्फ्रेड तिथल्याच एका हॉटेलात स्टोअर सांभाळायचा. मोठा मुलगा ट्रॉय मुंबईला इंजिनिअरिंग करत होता, म्हणजे पहिल्याच वर्षाला दुसऱ्यांदा बसला होता. धाकटी ॲना. अठ्ठ्याण्णव साली तिची बारावी झाली आणि शारजातल्या एका कम्युनिटी कॉलेजात तिचा अर्ज भरला. तिथे आधी प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागायची. कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं ते तिच्यावरून ठरायचं.

टेस्टला अँजेला रजा टाकून बरोबर गेली. ॲना आत पेपर देत होती तेवढा वेळ ती बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, जणू पेपर तिचाच होता. प्रवेशाच्या खिडकीवर मैमुनाबी नावाच्या बाई होत्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. अँजेलाचं मराठी ऐकून त्यांनी तिला आतच खुर्ची दिली. दुपारी त्यांनीच निकाल सांगितला.

"तुमच्या पोरीला इंग्रजीचा वर्ग नकोच. आणि गणितात ती सरळ कॅल्क्युलसला. या टेस्टवर कुणी तिथवर जात नाही हो, आमच्याकडे सगळे खालपासून चढतात." मग त्या ॲनाकडे वळल्या. "इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला नाव घाल. दोन वर्षांनी पुढच्या डिग्रीला जाता येतं."

ॲना नुसती हसली. परतीच्या टॅक्सीत डोंगर लागले तरी अँजेलाचं बोलणं थांबत नव्हतं. शाळेत आपण गणितात कायम पहिली यायचो, हेही तिने पहिल्यांदाच सांगून टाकलं. ॲना खिडकीतून बाहेर बघत "येस, मम्मी" म्हणत होती.

नाव नोंदवायच्या दिवशी नेमकी बंदरात गर्दी झाली आणि अँजेलाला रजा मिळाली नाही. तसंही ॲना बापाच्या व्हिसावर, म्हणून कोर्सच्या अर्जावर सही विल्फ्रेडचीच लागणार होती. बाप-लेक दोघं सकाळी गेले आणि संध्याकाळी आले.

अँजेलाने बांगड्याचं कालवण केलं होतं. जेवायला बसता बसता विल्फ्रेड म्हणाला, "खलास. झालं ॲडमिशन. सेक्रेटरीच्या कोर्सला घातली. टायपिंग, शॉर्टहँड, ऑफिस मॅनेजमेंट. वर्षभरात नोकरी. आमच्या हॉटेलच्या हेड ऑफिसात मी आत्ताच शब्द टाकून ठेवलाय."

अँजेलाच्या हातातला डाव कालवणातच राहिला.

"कशाला घातली?"

"सांगितलं ना. सेक्रेटरी."

"तिला कॅल्क्युलस दिलं होतं त्यांनी."

"दिलं असेल. ती बाई म्हणाली मला. पण इंजिनिअर होऊन पोरगी करणार काय? जबल अलीच्या कारखान्यांत हेल्मेट घालून फिरणार? आणि ट्रॉयचं आधी मार्गी लागू दे." त्याने भात कालवला. "एवढं तोंड कशाला पाडतेस? तूही टायपिंगच केलंस. तुझं काय वाईट झालं?"

  अँजेलाने ॲनाकडे पाहिलं.

"तू तिथे होतीस ना?"

"येस."

"मग तू काय केलंस?"

"डॅडी वॉज टॉकिंग टू देम." ॲनाने ताटातला काटा बाजूला काढला. "इट्स ओके, मम्मी. लीव्ह इट."

विल्फ्रेडच्या बोलण्याने अँजेला पेटली होती, पण ॲनाच्या या दोन शब्दांनी तिच्या अंगाची आग आग झाली. बापाने टायपिंगच्या क्लासचं सांगितलं तेव्हा तीही असंच म्हणाली होती, "राहू दे." तेव्हा मान खाली घातली ती आज इथवर. तिने डाव पातेल्यात आपटला. कालवण विल्फ्रेडच्या पांढऱ्या शर्टावर उडालं.

"माझं काय वाईट झालं म्हणून विचारतोस? कधी विचारलंस याआधी? लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, एकदा तरी?"

"तमाशा करू नकोस. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! तुझा मुलगा गणितात नापास झालाय, तो इंजिनिअर होणार. आणि जिला कॅल्क्युलस दिलं, ती तुझ्या साहेबाची पत्रं टाईप करणार!"

विल्फ्रेड ताटावरून उठला. 

सकाळी अँजेलाने ऑफिसला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर फोन ठेवून दिला. ॲनाला घेऊन तिने शारजाची टॅक्सी पकडली. 

वर्ग बदलून घ्यायचा आठवडा चालू होता. खिडकीपुढे ही मोठी रांग. अँजेला रांग सोडून थेट पुढे गेली. मागून कुणीतरी हिंदीत ओरडलं, तिने वळूनही पाहिलं नाही.

"मैमुनाबी, हिचा कोर्स बदला."

"कोर्स बदलायला स्पॉन्सरची सही लागते, बाई. वडलांना आणा."

"मी आई आहे."

"मला दिसतंय हो. पण व्हिसा त्यांचा आहे."

"पोट माझं होतं!" अँजेला एवढ्या मोठ्याने ओरडली की आतल्या टाईपरायटरचा आवाज थांबला. "टेस्ट हिने दिली. निकाल तुम्ही दिलात. तुम्हाला ठाऊक होतं ना हिला काय येतं? मग तो माणूस सही करत होता तेव्हा तुम्ही गप्प कशा बसलात?"

मैमुनाबींचा चेहरा उतरला. "मी त्यांना सांगून पाहिलं," त्या हळू म्हणाल्या. मग टेबलावरचा फोन त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

तिने हॉटेलचा नंबर फिरवला. विल्फ्रेड फोनवर आला.

"आत्ता इकडे ये आणि सही कर."

"वेड लागलंय का तुला? मी ड्युटीवर आहे. घरी ये, मग बोलू."

"मला बोलायचं नाहीये. सही करणार की नाही?"

"नाही," विल्फ्रेड म्हणाला आणि फोन बंद झाला.

अँजेला रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. तेवढ्यात मागून ॲना म्हणाली, "स्टॉप इट. प्लीज, बोथ ऑफ यू, जस्ट स्टॉप."

 मग ती मराठीत बोलायला लागली, मोडक्यातोडक्या, पण मराठीत, कारण हे आईला नीट कळायला हवं होतं. "डॅडीने मला विचारलं नाही. तू पण नाही विचारलं. त्या दिवशी टॅक्सीत तूच बोलत होतीस. तू फर्स्ट यायची म्हणून मी इंजिनिअर?"

अँजेलाला थोबाडीत बसल्यासारखं झालं.  मग तिने रिसीव्हर जागेवर ठेवला.

"बरं. विचारते आता. तुला काय पाहिजे?"

"मॅथ्स," ॲना म्हणाली. डोळे पुसून तिने पुन्हा सांगितलं, "आय वॉन्ट द मॅथ्स. पण मी स्वतः मागणार. तू ओरडू नको."

मैमुनाबी पुढे झुकल्या. "कोर्सचं नाव बदलायला सही लागते, अगो. पण कोर्समधले विषय बदलायचे तर मुलगी अठरा पूर्ण असली की झालं. आहेस ना?"

ॲनाने मान हलवली.

"मग शॉर्टहँड काढ आणि कॅल्क्युलस घे. टायपिंग काढ, फिजिक्स घे. नाव सेक्रेटरीचं राहील, वर्गात बसायला तुला कुणी अडवणार नाही."

"म्हणजे चोरून शिकायचं?" अँजेला उसळली.

"मम्मी!" ॲना म्हणाली.

 ॲनाने पेन घेतलं आणि सगळं स्वतःच्या हाताने भरलं. टायपिंग तिने ठेवलं; तिथे नवे कॉम्प्युटर होते, ते तिला हवे होते.

घरी आल्यावर अँजेलाने विल्फ्रेडला सगळं सांगितलं, दारातच, त्याचे बूट पायातून निघायच्या आत. तो आरडाओरडा करेल असं तिला वाटलं होतं. त्याने केला नाही. त्याने अबोला धरला. ॲना आठवडाभर शारजात अँजेलाच्या बहिणीकडे राहायची आणि शुक्रवारी घरी यायची. तेवढ्यापुरतं तो "कशी आहेस" म्हणायचा. पहिलं सेमिस्टर संपलं तेव्हा ती कॅल्क्युलसच्या वर्गात पहिली आली. विल्फ्रेडने निकालाचा कागद बराच वेळ पाहिला. पुढच्या आठवड्यात तो एकटाच शारजाला गेला आणि इंजिनिअरिंगच्या अर्जावर सही करून आला. चूक झाली असं तो म्हणाला नाही. अँजेलानेही त्याचे आभार मानले नाहीत.

त्यानंतरच्या नाताळला हॉटेलातल्या लोकांचं जेवण होतं. विल्फ्रेडच्या हातात ग्लास होता आणि भोवती पाचसहा जण.

"गणित आमच्या घराण्यातच आहे," तो सांगत होता. "मी पहिल्यापासून म्हणत होतो, पोरीला इंजिनिअरच करायची."

अँजेला टेबलापलीकडून चालत आली.

"तू तिला शॉर्टहँडला घातलं होतंस," ती म्हणाली. "तेही सांग यांना."

 विल्फ्रेड हसून म्हणाला, "झालं ते झालं ना आता, अँजेला."

"तुझं झालं," ती म्हणाली. "माझं नाही झालेलं."

आणि ती तिथेच उभी राहिली, तो सांगेपर्यंत.