अकरा हाका

धाकट्या मुलाने म्हाताऱ्या आप्पांसाठी घरात ॲम्प्लिफायर बसवला, तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! आप्पांच्या पलंगाशी माइक, स्वयंपाकघरात स्पीकर. आप्पांनी हाक मारली की वहिनीला ओट्याशी ऐकू जाणार, आणि वीज लागणार नावापुरती. खोलीत शांतता असली की आतली चिप ॲम्प्लिफायरला झोपवायची, आवाज आला की उठवायची. किती मोठ्या आवाजाला उठवायचं, तो आकडा धाकट्याच्या हातात. अशाच चिपचे प्रोग्राम लिहिणं ही त्याची नोकरी; कंपनीत विजेची बचत दाखवायची म्हणून त्याने तो चांगलाच वर नेला, साहेबांची शाबासकी मिळवली आणि तोच प्रोग्राम घरच्या डब्यात घातला. पुढे वर्षभरात आप्पांचा आवाज खोल गेला, तिकडे या हुशार माणसाचं लक्षच नाही.

मंगळवारी दुपारी आप्पा पाणी घ्यायला एकटेच उठले आणि पडले. खुबा मोडला.

"कानात बोळे घातले होतेस का?" थोरला बायकोवर कडाडला आणि त्यानंतर तिच्याशी बोलायचाच बंद झाला. ती बिचारी "मला खरंच नाही हो ऐकू आलं" एवढंच म्हणत राहिली. धाकट्याला शंका आली होती, पण तो मूग गिळून बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिच्याच हातचा चहा पितोय!

इस्पितळात उशाशी नर्सला बोलवायचं बटण होतं. आप्पांनी ते एकदाही दाबलं नाही. नर्स म्हणायची, आजोबा भारी सोशिक.

शनिवारी धाकट्याने अखेर चिपमधली नोंद उघडली. आवाज आला, लहान होता, उठवलं नाही. मंगळवारच्या दुपारी वीस मिनिटांत असं अकरा वेळा. त्याला स्वतःची किळस आली. तसाच उठून तो इस्पितळात गेला. थोरला खिडकीशी उभा होता, वहिनी आप्पांना औषध देत होती.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "वहिनीला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. ते यंत्र मीच बहिरं करून ठेवलं होतं. आप्पा, तुम्ही अकरा हाका मारल्यात. एकही पोचली नाही."

थोरल्याने मान खाली घातली. आप्पा मात्र सुनेकडे बघत राहिले.

"ऐकूच गेलं नव्हतं होय," ते बारीक आवाजात म्हणाले. "मला वाटलं, कंटाळली पोर. म्हटलं, आता कुणाला हाक मारायची नाही."

वहिनी हुंदका देऊन खालीच बसली. धाकट्याला वाटलं, कुणीतरी आपल्या मुस्काटात मारावी. कुणीच मारली नाही.