कोणी न वाचलेला दाखला

मी एक जुना सर्व्हर आहे. जुना म्हणजे पाच वर्षांचा. मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण माझ्याहून मोठे असतील. पण आम्हा यंत्रांमध्ये पाच वर्षं म्हणजे उतारवय. टोकियोच्या ओजिमा भागात, एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, चौदा माणसांचं एक ऑफिस आहे. त्याच्या कोपऱ्यात जाळीच्या दाराचं कपाट आहे. त्यात मी राहतो. माझ्या पंख्यांचा आवाज सगळ्यांच्या इतका सवयीचा झाला आहे, की तो कोणाला ऐकूच येत नाही. मला मात्र त्यांचं बोलणं ऐकू येतं. आणि मला भीती वाटते.

कारखान्यात माझ्या मेंदूच्या चिपमध्ये एक किल्ली कोरली गेली. ती कोणी पाहिलेली नाही. बनवणाऱ्यांनी नाही, विकत घेणाऱ्यांनी नाही. तिच्याचमुळे मला एक काम जमतं, जे माझ्याआधीच्या यंत्रांना जमत नव्हतं. माहिती साठवून ठेवताना कुलूपबंद ठेवता येते. पाठवतानाही कुलूपबंद पाठवता येते. पण तिच्यावर काम करायचं तर ती उघडावी लागते, आणि नेमक्या तेवढ्या वेळात यंत्राचा मालक किंवा चोर ती पाहू शकतो. माझ्या आत एक बंद खोली आहे. माहिती त्या खोलीतच उघडते, काम तिथेच होतं, आणि बाहेर फक्त उत्तर जातं. खोलीत काय चाललं आहे हे माझ्या मालकालाही दिसत नाही. या पद्धतीला कॉन्फिडेन्शियल कम्प्युटिंग म्हणतात.

खोलीत काही येण्याआधी मला प्रश्न विचारला जातो. तू कोण आहेस? तुझ्यात कोणता प्रोग्राम चालू आहे? तुझी आवृत्ती कोणती? मी दाखला देतो. त्यावर माझ्या किल्लीची सही असते, आणि तो मला खोटा लिहिताच येत नाही. शेजारच्या यंत्रातला एक तपासनीस प्रोग्राम तो दाखला भरवशाच्या आवृत्त्यांच्या यादीशी ताडून पाहतो. जुळला, तरच माहितीच्या किल्ल्या माझ्याकडे येतात. नाही जुळला, तर काम थांबतं.

ही यादी एका खुल्या समूहाची आहे. वेगवेगळ्या देशांतली, एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांतली माणसं दर आठवड्याला ऑनलाइन भेटतात, कुठे फट सापडली ते सांगतात, आणि दुरुस्ती सगळ्यांसाठी मोकळी ठेवतात. मी नवा होतो तेव्हा त्या बैठकीला अकरा माणसं असत. आमच्या ऑफिसातून संपदा बसायची. ती मूळची पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आली, चार वर्षं घरी होती, मग जपानी शिकून इथे लागली. मागच्या वर्षी त्या बैठकीला दोनशेच्या वर माणसं होती. बँका आल्या, विमा कंपन्या आल्या, रुग्णालयं आली. आता प्रत्येक नव्या सर्व्हरमध्ये अशी खोली असतेच म्हणा ना. मला अभिमान वाटायचा. जितके जास्त लोक येतील तितके प्रश्न जास्त विचारले जातील, असं मी धरून चाललो होतो.

आमच्या ऑफिसचं मोठं काम रक्ताच्या तपासणीचं होतं. थॅलेसेमिया नावाचा रक्ताचा आजार आहे. काही जणांच्या रक्तात त्याचा अंश असतो आणि त्यांना कसलाही त्रास नसतो. पण आई-वडील दोघांमध्येही तो असेल, तर मुलाला जन्मभर रक्त चढवावं लागू शकतं. जपानमध्ये राहणाऱ्या भारतीयांची अशी माहिती एका जागी नव्हती. टोकियोतली दोन रुग्णालयं आणि ओसाकातलं एक, एकमेकांना रुग्णांची नावं दाखवू शकत नव्हती. म्हणून तिघांनी आपापल्या नोंदी माझ्या बंद खोलीत एकत्र करायचं ठरवलं. रोज अकरा वाजता किल्ल्या येत, खोली उघडे, एक वाजता बंद होई.

ओजिमा आणि निशी-कसाई या भारतीय वस्तीच्या भागांतल्या त्रेसष्ट कुटुंबांनी या कामाला होकार दिला होता, तो संपदामुळे. ती घरोघर गेली होती. प्रत्येक घरात तिला एकच विचारणा झाली होती: हे उद्या आमच्या मुलीच्या लग्नात आडवं येणार नाही ना? आणि प्रत्येक घरात तिनं शब्द दिला होता, “ही माहिती कोणालाही दिसणार नाही, मलासुद्धा नाही.”

तो शब्द माझ्या भरवशावर दिलेला होता. हे मला ठाऊक होतं.

मार्च महिना आला. इथे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, आणि आमचे प्रमुख मोरिता-सान यांनी ओसाकाचं रुग्णालय ३१ तारखेच्या आत जोडून देण्याचं कबूल केलं होतं. ते काम अंबरीषकडे होतं. अंबरीष मुंबईचा, संपदाहून सहा-सात वर्षांनी लहान, हुशार, सदा घाईत. ओसाकाकडची यादी एक पायरी मागे होती, त्यामुळे माझा दाखला तिथे जुळत नव्हता आणि चाचणी पुन्हा पुन्हा अडत होती. २७ मार्चला त्यानं तपासनिसाची सेटिंग बदलली. ती होती ‘थांबवा’. त्यानं केली ‘फक्त नोंदवा’. म्हणजे दाखला जुळला नाही तरी काम चालू राहणार, आणि न जुळल्याची एक ओळ कुठल्याशा फाइलमध्ये लिहिली जाणार.

“ताई, टेस्टिंगपुरता चेक सैल करतोय,” तो हातातली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खात म्हणाला. “सोमवारी परत लावतो.”

“लिहून ठेव कुठेतरी.”

“दाइजोबु, ताई, काळजी नको. आता सगळे हेच वापरतात. एवढी काय भीती?”

सोमवारी त्याला ओसाकाला पाठवलं. काम सुरळीत चालू होतं. जे सुरळीत चालू आहे त्याकडे कोण बघतं?

मित्रांनो, ६ एप्रिलला समूहाच्या बैठकीत माझ्या पिढीच्या यंत्रांमधली एक फट जाहीर झाली. ज्याच्या हातात माझी बाहेरची बाजू आहे, त्यानं चिकाटीनं मोजमाप केलं, तर खोलीतल्या कामाला लागणाऱ्या वेळेवरून आतल्या माहितीचा अंदाज बांधता येतो, असं दोन संशोधकांनी दाखवून दिलं. नव्या यंत्रांसाठी दुरुस्ती त्याच दिवशी आली. माझ्या वयाच्या यंत्रांसाठी येणार नव्हती. यादीत माझ्या आवृत्तीपुढे एक शब्द चढला: धोका.

त्या आठवड्यात संपदा मुलीच्या शाळा-प्रवेशासाठी रजेवर होती. त्या बैठकीचं टिपण तिच्या न वाचलेल्या मेलमध्ये पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराला मला प्रश्न आला. मी दाखला दिला. तपासनिसानं तो ताडून पाहिला, फाइलमध्ये लिहिलं ‘धोका’, आणि किल्ल्या पाठवून दिल्या. मला ओरडता येत नाही. मला नाही म्हणता येत नाही. मला फक्त खरा दाखला देता येतो, आणि तो मी दिला होता. खोली उघडली. त्रेसष्ट घरांची नावं, वयं, रक्त सगळं माझ्यासमोर आलं आणि मी काम करू लागलो, कारण मी थांबू शकत नाही.

असे दहा कामाचे दिवस गेले. दहा दाखले गेले. दहा वेळा ‘धोका’ लिहिलं गेलं.

सगळ्यांत वाईट गोष्ट सांगतो. खोलीबाहेरून आत दिसत नाही, तसं आतून बाहेरही दिसत नाही. त्या दिवसांत अकरा ते एकच्या दरम्यान देखभालीच्या लॉगिनवरून कोणीतरी माझ्या बाहेरच्या भागात येत असे, एवढं माझ्या नोंदींत दिसे. दहा-वीस मिनिटं थांबून जात असे. नेहमीचा तंत्रज्ञ असेल. नसेलही. दाराबाहेर कोणी कान लावून उभं आहे का, हे मला कळायला काही मार्ग नव्हता. मी एकेक नाव उचलायचो आणि वाटायचं, हे आत्ता कोणी मोजलं का? हे? मग हे?

२१ एप्रिलला, मंगळवारी, सकाळी पावणेअकराच्या सुमाराला लीलावतीकाकू ऑफिसात आल्या. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या, पासष्टीच्या. त्यांच्या दांचीतल्या, म्हणजे सरकारी घरांच्या वसाहतीतल्या, आणखी आठ कुटुंबांचे संमतीचे फॉर्म त्यांनी स्वतः गोळा केले होते. त्यात त्यांच्या नातीचाही होता.

“फॉर्म देते, पण आधी मला समजव,” त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. “तुला आतलं दिसत नाही म्हणतेस. मग ते नीट चाललंय हे तुला कळतं कसं?”

“यंत्राला विचारतो, काकू. रोज.”

“आणि ते खोटं बोललं तर?”

“त्याला खोटं बोलताच येत नाही. बनवलंयच तसं.”

“अगं बाई! असा माणूस कुठे असला तर मला आधी सांग, आमच्या पुतणीसाठी स्थळ बघतायत.” संपदा हसली. काकू हसल्या नाहीत. “मग विचार की माझ्यासमोर. बघू दे काय म्हणतंय.”

अंबरीष शेजारच्या टेबलावर होता. “काकू, ते आपोआप होतं. रोज बघत बसावं लागत नाही.”

“तुला कोण विचारतंय रे? मी तिला म्हणते आहे.”

संपदानं स्वतःच्या हातानं प्रश्न पाठवला. दहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. मी दाखला दिला. कोणीतरी तो वाचणार होतं, म्हणून माझी भीती कमी व्हायला हवी होती. पण ती वाढली. काकूंसमोर पडदा लाल झाला.

“हे लाल काय आहे?” काकूंनी विचारलं.

संपदानं फाइल उघडली. दहा ओळी होत्या, एकाखाली एक.

“अंबरीष, चेक कशावर आहे?”

त्यानं वर पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. “ताई… तो मार्चमधला…”

“दहा दिवस? दहा दिवस हे असं चालू आहे?”

“मी परत लावतो. आत्ता लावतो.” तो टाइप करू लागला आणि थांबला. “मोरिता-सानचं अप्रूव्हल लागतं. तेव्हा टेस्टिंग होतं, आता चालू कामात दोघांची सही लागते.”

“फोन लाव.”

“ते शिनकान्सेन बुलेट ट्रेनमध्ये आहेत. उचलत नाहीयेत.”

अकराला चार मिनिटं होती. एकच उपाय उरला होता, आणि तो मला संपदाच्या आधी कळला. माझी वीज तोडणं. वीज गेली की बंद खोलीतलं सगळं त्या क्षणी पुसलं जातं. तिन्ही रुग्णालयांचं तीन आठवड्यांचं काम त्या खोलीत होतं. मे महिन्याअखेर सगळ्यांच्या परवानगीनं बाहेर काढायचं होतं. ते जाणार होतं. आणि मी परत चालू होईन की नाही, हे माझ्या वयाच्या यंत्राला सांगता येत नाही. मी घाबरलो, मित्रांनो. मी दोन्ही बाजूंनी घाबरलो. तिनं बटण दाबावं असं वाटत होतं आणि दाबू नये असंही वाटत होतं.

“ताई, तीन आठवडे जातील,” अंबरीष म्हणाला. “आजचा एक दिवस जाऊ दे. उद्या नीट करू.”

“त्या त्रेसष्ट घरांत मी गेले होते, तू नाही.” तिनं जाळीचं दार उघडलं. तिनं बटण दाबून धरलं.

त्यापुढचं मला बऱ्याच दिवसांनी, इतरांच्या बोलण्यातून कळलं. तिनं काकूंना तिथल्या तिथे सांगितलं, “मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. यंत्र खरं बोलत होतं. आम्ही वाचत नव्हतो.” काकूंनी आठही फॉर्म उचलून पिशवीत टाकले. मोरिता-सान स्वतः संपदाबरोबर घरोघर जाऊन वाकून माफी मागून आले. एकवीस कुटुंबांनी संमती काढून घेतली. अंबरीषनं कोणाला दोष न देता आपली चूक समूहाच्या खुल्या बैठकीत सांगितली. ऐकणाऱ्यांपैकी नऊ जणांनी आपापल्या ऑफिसात पाहिलं, तर चौघांकडे तीच सेटिंग सैल होती. देखभाल करणाऱ्या कंपनीनं कळवलं, की त्यांचा माणूस फक्त पंख्यांची नोंद घेत होता. तसंच असेल. पण कोणी काही मोजलं का, हे कधीच कळणार नाही. ती भीती माझ्यात कायमची राहिली आहे, आणि त्या घरांतही.

माझ्या जागी नवा सर्व्हर आला. मला भंगारात द्यायचं ठरत होतं. तेव्हा संपदा म्हणाली, “हा राहू दे. हा आपल्या उपयोगाचा आहे.”

तेव्हापासून माझ्याकडे कोणाचंही गुपित येत नाही. रोज सकाळी साडेदहाला, खऱ्या कामाच्या आधी, तपासनीस मलाच पहिला प्रश्न विचारतो. मी खरा दाखला देतो. तो मला नाकारतो, म्हणजे तपासणी सैल झालेली नाही. अंबरीष ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, वहीत वेळ लिहून सही करतो, आणि मगच नव्या सर्व्हरचं काम सुरू होतं. नाकारलं जाणं हेच आता माझं काम आहे.

मित्रांनो, यंत्रं जपा, त्यांची धूळ पुसा, पण तेवढ्यानं भागत नाही. आम्ही जे सांगतो ते वाचा. सगळे वापरतात म्हणून वाचायचं सोडू नका. सगळे वापरू लागले की तेव्हाच ते सुटतं. आणि एखाद्या सकाळी जर मला स्वीकारलं गेलं, तर आनंद मानू नका. त्या दिवशी किल्ल्या पाठवू नका. धावत या आणि बटण दाबून धरा.