छापून येईपर्यंत

गाण्याबजावण्यावर लिहून कुणाचं घर चाललेलं मी तरी पाहिलं नाही. माझं चाललं नाही आणि मास्तरांचंही नाही. ते शाळेत भूमिती शिकवायचे. मी ज्या दैनिकात परीक्षणं लिहायचे तिथेच दिवसभर प्रुफं तपासायचे. परीक्षणाचं जे मानधन मिळे त्यात बसचं भाडं आणि मध्यंतरातला चहा सुटायचा, वर फार तर एखादं पेन. तरी कुणी विचारलं की आम्ही दोघंही ताठ मानेनं सांगायचो, संगीत समीक्षक. समोरचा म्हणायचा, "हो का, वा. पण काम काय करता?"

मास्तर दुसऱ्या दैनिकात लिहायचे. सभागृहात तिसऱ्या रांगेच्या एका टोकाला त्यांची खुर्ची, दुसऱ्या टोकाला माझी. कलाकार आमच्या मागे आम्हाला कात्री आणि सुई म्हणायचे. ते कापतात आणि ही टाके घालते, असा त्याचा अर्थ. तो काही अगदीच चुकीचा नव्हता. पण सुईदेखील टोचते हे लोकांच्या फारसं लक्षात यायचं नाही. आमचा उपसंपादक जागा कमी पडली की मजकूर खालून कापायचा. त्यामुळे माझे आक्षेप मी नेहमी मधे ठेवायचे आणि कौतुक शेवटी. गेलंच तर कौतुक जावं.

आमच्या दोघांत एकच नियम होता आणि तो मास्तरांनी घातला होता. अगदी सुरुवातीच्या दिवसांत एका मध्यंतरात ते एका गायिकेबद्दल म्हणाले, आवाज इस्त्री केल्यासारखा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसले तर दुसरा शब्दच सुचेना. इस्त्री, इस्त्री आणि इस्त्री. मी वैतागून त्यांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसत ठरवून टाकलं की दोघांचंही छापून येईपर्यंत त्या मैफलीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.

तेव्हापासून मध्यंतरात आम्ही गुडघ्यांबद्दल बोलायचो, घरमालकांबद्दल, मास्तरांच्या सुनेच्या नोकरीबद्दल, माझ्या मुलीच्या परीक्षेबद्दल. कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणारी दोन माणसं आहेत. आणि मग आदल्या मैफलीबद्दल मात्र कडाडून भांडायचो, कारण ती तोवर छापून आलेली असायची. आमचं भांडण नेहमी एक मैफल उशिरा चालायचं.

परीक्षण यायच्या दिवशी मी त्यांचा पेपर आधी उघडायचे. आमचे हे म्हणायचे, अगं, आधी घरचा पेपर तरी वाचावा माणसानं. पण मला घरचा ठाऊक असायचा. मला बघायचं असायचं की जिथे मला सूर डळमळलेला वाटला तिथे मास्तरांना काय वाटलं. कधी त्यांना तिथेच सगळ्यात जास्त जीव वाटलेला असायचा. मग मी दिवसभर प्रुफं तपासता तपासता मनातल्या मनात त्यांना उत्तरं द्यायचे आणि त्या नादात दुसऱ्या कुणाच्या तरी बातमीत चूक ठेवून द्यायचे. लिहितानाही तसंच. एखादा गुळमुळीत शब्द कागदावर आला की वाटायचं, हा मास्तरांच्या हाती लागला तर ते मला सोडणार नाहीत. माझे हजारो वाचक होते असं संपादक म्हणायचे. मी एकासाठी लिहायचे.

मग त्यांच्या दैनिकानं सदर बंद केलं. आधी कुणी काही बोललं नाही. एका आठवड्यात त्या जागी गाद्यांची जाहिरात होती, पुढच्या आठवड्यातही गाद्याच. मास्तर तोवर निवृत्त झाले होते. पेपरकडून मिळणारा पास बंद झाला तसे ते स्वतः तिकीट काढून यायला लागले, वरच्या बाल्कनीतलं. मध्यंतरात मात्र ठरल्याप्रमाणे जिना उतरून चहाला यायचे. गुडघ्यांचा विषय आता जास्तच लांबायचा.

पहिल्यांदा मी सहज विचारलं की गेल्या वेळचा तो गायक तुम्हाला कसा वाटला.

ते म्हणाले, "माझं छापून आलं कुठे अजून?"

मी हसले. मला वाटलं, गंमत करतायत. पण पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. माझं छापून आलेलं ते वाचायचे, वाचलं एवढं सांगायचे आणि सुनेच्या बदलीकडे वळायचे. मला राग यायचा, पण आतून अभिमानही वाटायचा. पेपर गेला म्हणून आयुष्यभर पाळलेला नियम न सोडणारा माणूस तो. मी मुलीलाही कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघंही विचित्र आहात."

माझं लिहिणं मात्र त्या दिवसांत सैल पडत गेलं. कुणाला कळलं नाही, मला कळत होतं. 'रसिकांनी भरभरून दाद दिली' असलं वाक्य मी उभ्या जन्मात लिहिलं नव्हतं. एका सकाळी ते लिहिलं, ते तसंच छापून आलं आणि मला कुणी काही बोललं नाही.

गेल्या वर्षी आमच्या नव्या संपादिकेनं मला बोलावलं. माझ्या मुलीच्या वयाची, वागायला चांगली. आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं की माझं परीक्षण किती लोक उघडतात आणि उघडल्यावर किती लवकर निघून जातात. ती म्हणाली की आता मैफल होऊन गेल्यावर कुणाला वाचायचं नसतं. ऐकणारे तिथेच बसून आपापल्या फोनवर सांगून मोकळे होतात. त्यापेक्षा मी मैफलीच्या आधी लिहावं. कलाकाराची ओळख. माहिती आणि फोटो आयोजक देतील, मानधनही थोडं वाढेल, फक्त सूर जरा प्रसन्न ठेवायचा.

मी विचारलं, आधी लिहायचं तर ऐकायचं कशाला?

तिनं मान खाली घातली. "मॅडम, मी स्वतः वाचते तुमचं. पण मी एकटी वाचून काय होणार?"

त्या शनिवारच्या व्हायोलिनच्या मैफलीवर शेवटचं परीक्षण जुन्या पद्धतीनं लिहावं आणि त्याच्यासोबतच काय ते कळवावं, असं ठरलं. नाही म्हटलं तर सदर बंद. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, घे ना ते काम, तेवढंच बाहेर पडणं होतं. नाहीतर घरात बसून तू माझ्या भाज्यांचं परीक्षण करशील.

ती म्हणत होती ते खरंच होतं. मी थकले होते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सुरांवर कान रोखून बसायचं, सकाळी मान मोडून शब्द शोधायचे, आणि एवढं करून कलाकार सहा महिने ओळख दाखवत नाहीत. ओळख लिहून द्यायची, फोटो लावायचा, सगळे खूश. काय वाईट आहे त्यात, असं मी स्वतःलाच दोन दिवस विचारत होते.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं होतं. वाजवणारी आता मोठी झालेली. तिचा पहिला कार्यक्रम आम्ही दोघांनी ऐकला होता. तेव्हा मास्तरांनी लिहिलं होतं की हिचा गज पुढे पळतो आणि धून धापा टाकत मागून येते. मी लिहिलं होतं, वेळ द्या, येईल. आली होती. हात असा सफाईदार की डोळे दिपावेत. पण मला काहीतरी खुपत होतं. कुठलीही धून जरा खोल जायला लागली की ती तिला वर ओढून आणायची, वेग घ्यायची, आणि बरोबर त्या जागी टाळ्या पडायच्या. मग पुढची धून, पुन्हा तेच. मला वाटलं, हे खरंच होतंय, की मी म्हातारी झाले आणि मला आता वेगच सोसत नाही? की सदर जाणार म्हणून माझ्याच मनात कडू साठलंय? अशा वेळी दुसरा कान लागतो. तो वर बाल्कनीत होता.

मध्यंतरात मी मास्तरांच्या आधी जाऊन दोन कप घेतले आणि ते आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. संपादिकेचं म्हणणं, ओळख, फोटो, सगळं. म्हटलं, हे माझं शेवटचं. तुमचं तर आता कधीच छापून येणार नाही. मग हा नियम कुणासाठी पाळायचा? मला आज तुमचं मत हवं आहे, आत्ता, उभ्या उभ्या.

ते चहा ढवळत राहिले. त्यांना साखर सोडून बरीच वर्षं झाली होती.

मग म्हणाले, "छान वाजवते."

या माणसानं आयुष्यात वाक्य इथे थांबवलं नव्हतं.

"आणि?"

"आणि काय, बाई. छान वाजवते."

मी धुनांबद्दल सांगितलं, वेगाबद्दल, टाळ्यांबद्दल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, असेल, माझं लक्ष नव्हतं.

मला वाटलं ते टाळतायत. तसं म्हणालेही. तेव्हा त्यांनी कप ठेवला.

"मी नियम पाळत नव्हतो हो," ते म्हणाले. "मी लपवत होतो. पहिलं वर्ष घरी जाऊन मनात वाक्यं जुळवायचो. मग वाक्यं येईनात. मग कळलं की ऐकूही तसं येत नाही. लिहायचं नसलं की कान सैल सुटतात. आता मी टाळ्या वाजवतो, सगळ्यांबरोबर. बरं वाटतं."

ते खरंच बरं वाटत असल्यासारखे दिसत होते, आणि तेच मला बघवेना. इतकी वर्षं ज्याच्या धाकानं मी एकेक शब्द निवडला तो माणूस माझ्यासमोर उभा होता, स्वच्छ दाढी केलेला, समाधानी, आणि त्याच्याकडे मला सांगायला काही नव्हतं. घंटा झाली. ते कठड्याला धरून जिना चढायला लागले.

उरलेला अर्धा कार्यक्रम मी कसा ऐकला ते मलाच माहीत. हाताची बोटं आवळून ऐकला. माझं बरोबर होतं. शेवटच्या धुनेत एका ठिकाणी ती तशीच थांबली असती, नुसता एक सूर धरून, तर मी तिला सगळं माफ केलं असतं. ती थांबली नाही. लोक उभे राहिले. वर पाहिलं तर मास्तरही उभे होते, टाळ्या वाजवत.

सकाळी मी लिहायला बसले आणि तीन तास एका परिच्छेदाशी झगडले. लिहून झाल्यावर स्वतः कचेरीत घेऊन गेले. संपादिकेला म्हटलं, ओळखी मी लिहिणार नाही. मला लिहायला लागतं म्हणून मी ऐकते. लिहायचं नसेल तर मी ऐकणार नाही, नुसती बसेन, आणि नुसतं बसलेलं कसं दिसतं ते मी कालच पाहिलं.

तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. मी पुढे म्हटलं, मानधन नको, फोटो नको, माझं नावही नको. मैफल झाल्यावर, आतल्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली मला चार ओळी दे.

तिनं पडद्यावर आतलं पान उघडलं. मग म्हणाली, चार ओळींनी काय होणार आहे, मॅडम? मी म्हटलं, मलाही माहीत नाही.

तिनं दिल्या. ज्या दिवशी जाहिरात जास्त असेल त्या दिवशी तीनच मिळतील असं बजावून दिल्या.

चार ओळींना मधला भाग नसतो, आक्षेप लपवायला जागाच उरत नाही. पहिल्या चार ओळी एका गायकाबद्दल होत्या, आणि त्या जमायला मला पूर्वीच्या अख्ख्या परीक्षणापेक्षा जास्त वेळ लागला. मुलीनं त्या शोधायला पान तीनदा उलटसुलट केलं. वाचून म्हणाली, एवढ्यासाठी तू सकाळपासून कुणाशी बोलली नाहीस?

पुढच्या मैफलीला मी मध्यंतरात चहापाशी उभी होते. आता माझंही तिकीट स्वतःच्या पैशांचं, मागच्या रांगेतलं, खांबाच्या आडचं. मास्तर जिना उतरून आले. मी त्यांना गुडघ्याचं विचारलं. कप हातात घेऊन ते तसेच उभे राहिले, कपाळाला आठ्या घालून. त्या आठ्या मी फार दिवसांनी पाहत होते.

"ती तिसरी ओळ," ते म्हणाले. "मला पटली नाही."

ओळींखाली नाव नव्हतं, तरी त्यांनी त्या ओळखल्या होत्या. का, मी विचारलं.

"ते सांगता येत नाहीये मला." ते स्वतःवरच चिडल्यासारखे झाले. "पण तो गायक तिथे घसरला नव्हता. त्यानं मुद्दाम... नाही, मुद्दाम नाही. दुसरा काहीतरी शब्द आहे."

घंटा व्हायला अजून अवकाश होता. त्यांनी भरलेला कप तसाच टेबलावर ठेवला, सुनेचं काही न सांगता वळले आणि मध्यंतर संपायच्या आधीच जाऊन आपल्या जागी बसले.