थंडोबाचं कपाळ

नटांना रबरी चेहरे चढवणाऱ्या मावशीला रडायला कारण लागत नसे. कुणाचं लग्न ठरलं तरी रडायची, मोडलं तरी रडायची. स्टुडिओतले लोक म्हणत, मावशीच्या डोळ्यांचे नळ सरकारी आहेत, एकदा गळायला लागले की कुणी दुरुस्त करत नाही. अशा बाईच्या हाती रोज सकाळी कोण यावा, तर थंडोबा.

टीव्हीवरच्या मालिकेत तो परग्रहावरच्या माणसाचं काम करी, म्हणून हे नाव. त्या ग्रहावरच्या लोकांना म्हणे सगळं आपल्यापेक्षा दसपट जाणवतं; म्हणूनच मनाला लगाम घालायला त्यांना लहानपणापासून शिकवतात. यानाला आग लागो की जिवाभावाचा मित्र मरो, थंडोबाच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. आणि तरी आत काय कालवतंय ते बघणाऱ्याला कळायचं. हे त्याला कसं साधतं, ते इतकी वर्षं त्याचं तोंड हाताळूनही मावशीला उमगलं नव्हतं. मला टाचणी टोचली तरी अख्ख्या गल्लीला कळतं, ती म्हणायची, आणि हा बाबा बघा.

त्याचं ते उंच रबरी कपाळ मावशी थेट पापण्यांपर्यंत चिकटवायची. त्या डिंकाचं पाण्याशी वाकडं होतं. डोळ्यांत पाणी आलं की कोपरा सुटायचा, आणि कोपरा सुटला की सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून. अर्धा दिवस मातीत. म्हणून तिच्या खुर्चीजवळ रडायला बंदी होती, ती स्वतः सोडून.

शेवटच्या भागाच्या दिवशी कपाळ बसलं होतं, डिंक सुकत आला होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याला मान हलवून चालणार नव्हतं, म्हणून मावशीनंच तो त्याच्या कानाशी धरला. त्याच्या दाजींचा आवाज तिलाही ऐकू आला. थंडोबाची ताई पहाटे गेली होती.

आईच्या मागं त्याला वाढवलं ते या ताईनं. पहिल्यांदा काम शोधायला घर सोडलं तेव्हा तिनं त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं आणि "जा, उशीर होईल" एवढंच म्हणाली, हे मावशीनं त्याच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं. अंथरुणाला खिळल्यावरही ताईनं मालिकेचा एक भाग चुकवला नव्हता. तिच्या गावाला जाणारी पहिली गाडी संध्याकाळची होती. दाजी म्हणाले, तिला न्यायला उद्या सकाळपर्यंत थांबतो, त्यापुढे थांबवत नाही.

मावशीचे नळ सुटलेच. कपाळ उतरवायला तिनं हात पुढे केला, तर त्यानं तिचं मनगट धरलं.

"राहू द्या, मावशी. काम संपवूनच निघतो. आणि कुणाला सांगू नका. कळलं की सगळे माझ्याशी हळू बोलायला लागतील, आणि मग मला रडू धरून ठेववणार नाही."

सेट उद्या मोडायचा होता, म्हणजे काम आजच संपायला हवं. त्याच्या डोळ्यांतून एक थेंब आला की कपाळ सुटणार, काम लांबणार, गाडी निघून जाणार. ताईचं तोंड बघायचं तर ताईसाठी रडायचं नाही, अशी ती गाठ होती.

प्रसंगही निरोपाचाच निघाला. थंडोबाच्या हाताखाली तयार झालेली पोर दुसऱ्या यानावर निघते, पुन्हा भेट नाही. दिग्दर्शिकाबाईंना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, शेवटचाच प्रसंग आहे, डोळ्यांत जरा पाणी आणता येईल का? पडद्याआड मावशीनं टॉवेल उचलला.

"याला रडू येत नाही असं नाही, बाई," तो म्हणाला. "पण तिला जायचंय. हा रडला तर तिचा पाय निघणार नाही."

बाईंनी हातातला कागद मिटला. मग म्हणाल्या, तुमच्या पद्धतीनं करा.

पोरीनं आपलं बोलणं संपवलं. मग थंडोबानं कागदावर नसलेली गोष्ट केली. तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं. बोटं त्या बटणावर जराशी रेंगाळली.

"जा," तो म्हणाला. "उशीर होईल."

दिवे सांभाळणारा दांडगा गडी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मावशीनं तोंडात टॉवेलचा बोळा कोंबला होता आणि तिची नजर होती कपाळाच्या कोपऱ्यावर. कोपरा केसभरही हलला नाही.

खोलीत परत आल्यावर तो खुर्चीत बसला आणि त्यानं डोळे मिटले. डिंक सोडवायचं औषध भलतं झोंबरं. त्या खुर्चीत बसलेल्या भल्याभल्यांच्या डोळ्यांना त्यानं धारा लागायच्या आणि कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मावशीनं बाटली उचलली, आणि बघते तर कोपरा आपला आपणच सुटत होता. रबराखालून पाणी निघून गालावर ओघळत होतं.

"आज औषध जरा जास्तच झोंबतंय, मावशी," तो म्हणाला.

मावशीनं हातातल्या बाटलीकडे पाहिलं. बूच अजून घट्ट लावलेलं होतं.

"नवी बाटली आहे रे," ती म्हणाली. "झोंबणारच. चोळू नकोस, येऊ दे."

नवल म्हणजे मावशीचे नळ त्या वेळी कोरडे ठाक होते. दोघांतल्या एकानं तरी धरून ठेवायला हवं होतं. एका हातानं तिनं त्याच्या डोक्याला आधार दिला आणि दुसऱ्या हातानं ती सावकाश रबर सोडवत राहिली. गाडीला अजून वेळ होता.