मधली खुर्ची

थायलंडातल्या मून नदीकाठच्या आमच्या गावात सकाळी आधी चिकट भात वाफेवर चढतो, मग माणसं बोलायला लागतात. सायथोंग बाईंच्या घरी त्या दिवशी उलटं झालं. भात अजून भिजतच होता आणि त्यांची लेक फाय अंगणात कोंबड्यांशी इंग्रजीत बोलत होती.

अडखळत नव्हती, लाजत नव्हती. तांबड्या कोंबडीला रागावत होती, पिल्लांना रांगेत उभं राहा म्हणून दटावत होती.

"हे कुणी शिकवलं तुला?" बाईंनी दारातून विचारलं.

"मिस मार्सियांनी. त्या म्हणतात, लोकांसमोर लाज वाटते ना, मग कोंबड्यांशी बोल. चुकलीस तरी कोंबडी काही मार्क कापत नाही."

फायचे वडील बुनलोम मोटरसायकलची साखळी पुसत बसले होते. ते हसले. "बघ, कोंबड्यासुद्धा शिकल्या. एक मीच ढ राहिलो."

बाई हसल्या नाहीत. गावातल्या खासगी शाळेत त्यांनी उभी हयात इंग्रजी शिकवलं. त्यांच्या हाताखालची मुलं बँकॉकच्या हॉटेलांत आणि बँकांत लागली. पण पोटच्या पोरीच्या तोंडचं कुलूप त्यांना कधी उघडता आलं नव्हतं. आणि परवा शाळेत आलेल्या परक्या बाईनं ते कोंबड्यांच्या मदतीनं उघडावं? बाईंनी भाताची टोपली अशी आदळली की पिल्लं पांगली.

मत्सर पाहुण्यासारखा येतो आणि घरजावयासारखा ठाण मांडतो. सायथोंग बाईंच्या घरी तो जुनाच होता. आमच्या शाळेत दरवर्षी जूनमध्ये गुरुपूजनाचा गुरुवार असतो. शिक्षक व्यासपीठावर बसतात, मुलं गुडघ्यांवर चालत येऊन दूर्वा, वांग्याची फुलं आणि एक्झोराचे लाल झुबके वाहतात. पुढच्या रांगेतली मधली खुर्ची फिरंगी मास्तरची. कारण त्याच खुर्चीचा फोटो बॅनरवर चढतो आणि बॅनर बघून पालक पोरं घालतात. गोरे आले, गोरे गेले. एक तर थेट समुद्रकिनाऱ्यावरून आला होता, पायात सपाता घालून. त्याचे धडे बाई लिहून द्यायच्या आणि खुर्चीत तो बसायचा. बाईंची जागा मागे, भिंतीवरच्या पंख्याखाली. दरवर्षी त्या तिथून मधल्या खुर्चीकडे बघायच्या आणि आतल्या आत जळायच्या.

यंदा परदेशी मास्तर पुरवणाऱ्या एजंटानं फोटो पाठवला नव्हता. फोनवरचा आवाज अस्सल इंग्लंडचा, पदवी शिक्षणशास्त्राची. मुख्याध्यापिका फिसमाय बाई हार घेऊन बसथांब्यावर गेल्या आणि हार तसाच हातात धरून परतल्या. मार्सिया इंग्लंडचीच होती, पण तिच्या आजोबांचं घराणं मूळचं आफ्रिकेचं. रंगानं ती भातशेतीत उन्हात राबणाऱ्या आमच्या बायकांपेक्षाही सावळी होती.

पूजनाच्या आठवड्यात फिसमाय बाईंनी सायथोंग बाईंना खोलीत बोलावलं.

"शिकवू दे की तिला, दार लावून. पण स्टेजवर नको गं. पालक म्हणतील, फी फिरंग्याची घेता आणि आणलीत ही! तुझ्या मिस्टरांच्या गॅरेजात तो बदकंवाला येतो ना, गोरा?"

"पेकाकाका? अहो, त्यांना कुठलं इंग्रजी? ते फिनलंडचे. बायकोच्या गावी बदकं पाळतात."

"त्यांना बोलायचं कुठंय? बसायचंय. कोट मी देते." मग आवाज खाली आला. "आणि त्यांच्या शेजारी तू बस. पुढच्या रांगेत. खूप वर्षं मागं बसलीस."

जिला रंगापायी मागं बसवलं गेलं, तिनं तरी इथं नाही म्हणायला हवं होतं. सायथोंग बाईंनाही ते कळत होतं. पण त्यांच्या कानात कोंबड्यांचं इंग्रजी वाजत होतं. 'एक दिवस बस म्हणावं मागं, कळू दे,' असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना गोड वाटलं. त्यांनी मार्सियाला सांगितलं, की हा विधी फक्त थाई शिक्षकांचा असतो, पाहुण्यांनी ग्रंथालयात थांबायचं. मुलांना सांगितलं, मिसना ताप आलाय.

घरी बुनलोम म्हणाले, "पेकाकाकांना मास्तर करताय? उद्या त्यांच्या बदकांना प्राध्यापक करा."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला कधी मागं बसावं लागलं नाही."

"मी मोटरसायकलीखाली झोपतो, सायथोंग. मला पुढं-मागं काय कळणार?"

गुरुवार उजाडला. सभागृह पालकांनी भरलं. पेकाकाका उसन्या कोटात घामाघूम होऊन मधल्या खुर्चीत बसले. शेजारी सायथोंग बाई, अंगावर ठेवणीतलं रेशमी. पुढच्या रांगेतून सगळं सभागृह दिसत होतं. पंख्याखालून कधी दिसलं नव्हतं. बाईंचा ऊर भरून आला.

सातवीचं तबक फायच्या हातात होतं. रात्री जागून तिनं केळीच्या पानांची कमळं केली होती. गुडघ्यांवर सरकत ती पेकाकाकांसमोर आली, वाकली आणि तबक न ठेवताच आईकडे वळली.

"आई," ती कुजबुजली, "यातल्या अर्ध्या दूर्वा मिसना देशील? मी जास्तीच्या आणल्यात. आणि आल्याच्या काढ्याची बाटलीपण आहे तबकाखाली. त्यांना इथं कुणी नाही गं. ताप आला की एकट्याला भीती वाटते."

बाईंनी हात पुढे केला, पण बाटली त्यांना धरवेना. लेकीच्या तोंडावर संशयाची रेघही नव्हती. आईनं सांगितलं म्हणजे ताप आहेच, एवढाच तिचा हिशेब. बाई उठल्या. लोकांना वाटलं, चक्कर आली.

ग्रंथालयात मार्सिया खिडकीशी बसली होती. तिनं या दिवसासाठी गावच्या विणकरणीकडून इथल्या बायका नेसतात तशी रेशमी लुंगी विणून घेतली होती. ती नेसूनच ती पुस्तकांची धूळ झटकत होती.

"तू चल," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या खुर्चीत बस. विधी सगळ्यांचाच आहे. मी खोटं बोलले."

मार्सियानं हातातलं पुस्तक फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "का?"

"माझी मुलगी तुझ्याशी बोलते. माझ्याशी बोलत नाही."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी. आणि त्या खुर्चीसाठी."

"मग मला इथं सांगू नकोस," मार्सिया शांतपणे म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नव्हतं. "ज्यांच्यापासून मला लपवलंस, त्यांना सांग. तुमच्या भाषेत. तोवर मी या दाराबाहेर येणार नाही."

सायथोंग बाई परत आल्या आणि त्यांनी माइक हातात घेतला. फिसमाय बाई डोळे वटारत होत्या.

"मिस मार्सियांना ताप नाही," बाई म्हणाल्या. "त्या सावळ्या आहेत म्हणून त्यांना आम्ही लपवलं. मीही लपवलं, कारण मला त्यांचा हेवा वाटतो. आणि हे गृहस्थ मास्तर नाहीत."

"अहो, यांच्याकडून तर आम्ही अंडी घेतो!" मागून एक बाई ओरडल्या. हशा पिकला. पेकाकाकांनी सुटकेचा श्वास सोडला, कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि ते बायकोशेजारी चटईवर जाऊन बसले. काही पालक मात्र हसले नाहीत. ते पोरांचे हात धरून चालते झाले.

माइकवर आपलं नाव ऐकून मार्सिया सभागृहाच्या दारात येऊन उभी राहिली. फाय अजून व्यासपीठापाशी गुडघ्यांवरच होती. पूजनात उभं राहायचं नसतं. ती तशीच वळली आणि तबक सांभाळत पार दारापर्यंत गुडघ्यांवर चालत गेली. मुलांनी सरकून वाट दिली. दारात तिनं दूर्वा वाहिल्या आणि मोठ्यांदा, कोंबड्यांशी बोलायची त्याच इंग्रजीत विचारलं, "मिस, म्हणजे तुम्ही बऱ्या आहात ना?"

परत येताना तिनं आईकडे पाहिलं नाही. बाईंच्या काळजात कळ उठली. तीच जुनी कळ, हेव्याची. या वेळी मात्र त्या कुणाचं काही हिरावून घ्यायला धावल्या नाहीत, उभ्या राहून त्यांनी ती सोसली.

शाळेनं दोघींनाही काढलं. आता त्या बुनलोमच्या गॅरेजच्या पडवीत शिकवतात. एक व्याकरण घेते, एक बोलणं. फाय आईशी अजून जपूनच बोलते. बाई म्हणतात, "बोलेल. मी तिच्याशी खोटं बोलायचं सोडलंय, तिला कळायला वेळ लागेल."

शाळेनं नवा गोरा आणला आहे. पोरगा भला आहे, त्याचा काही दोष नाही. जून आला की पुन्हा खुर्च्या मांडल्या जातील. आपण पालक खाली चटईवर बसू. आणि पोरं, तबक हातात घेऊन, आधी आपल्या तोंडाकडे बघतील, कुणापुढं वाकायचं ते ठरवायला.